मोंबासा: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी

केनियाला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी मसाई माराचे सिंह बघून परततात. हाताशी आणखी चार दिवस असलेले मोंबासाला उतरतात, पण विमानतळावरून थेट दिआनीच्या रिसॉर्टवर जातात. शहर त्यांना गाडीच्या काचेतून दिसतं तेवढंच. हे मला पटत नाही. इब्न बतूता 1331 मध्ये इथे येऊन गेला तेव्हाही हे बंदर नांदतं होतं. वास्को द गामा 1498 मध्ये आला, त्याचं इथे जमलं नाही, आणि शेजारच्या मालिंदीत त्याला भारताची वाट दाखवणारा वाटाड्या मिळाला. पुढे गोव्याच्या आणि वसईच्या इतिहासात जे घडलं त्याचा एक धागा या बेटातून जातो. एवढं जुनं शहर दोन दिवस तरी मागतंच.

मोंबासा शहराचा गाभा म्हणजे एक बेट. उत्तरेला न्यालीचा पूल, पश्चिमेला मकुपाचा पूल, दक्षिणेला लिकोनीची फेरीबोट. एवढं डोक्यात ठेवलं की नकाशा न उघडताही दिशा कळते. बेटावर किल्ला, जुनं शहर, बाजार आणि देवळं, उत्तरेला न्याली, बांबुरी, म्त्वापा, दक्षिणेला दिआनी. हीच विभागणी धरून दिवस आखा. एकाच दिवशी उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे जायचं ठरवलंत तर अर्धा वेळ रहदारीत जाईल.

निघण्याआधी

केनियासाठी आता व्हिसा लागत नाही, पण जानेवारी 2024 पासून ईटीए म्हणजे ऑनलाइन प्रवासपरवाना लागतो. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा आणि निघण्याच्या काही दिवस आधी काढा. तसंच दिसणारी, दुप्पट पैसे घेणारी मध्यस्थांची पानं बरीच आहेत.

दुसरी गोष्ट यलो फीवरची लस. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागितलं जातं, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस अधिकृत केंद्रावरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं, म्हणून तिकीट काढलं की लगेच केंद्राची तारीख घ्या. किनारपट्टीवर मलेरिया आहे. गोळ्या घ्यायच्या की नाही ते डॉक्टरांना विचारा, डास पळवणारं मलम मात्र न विचारता घ्या.

सामानातून प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका. केनियात 2017 पासून कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती कागदावरची नाही, दंड जबर आहे. चिवड्या-चकलीसाठी डबे किंवा कापडी पिशव्या वापरा. संरक्षित जागी आणि उद्यानांत एकदा वापरून टाकायच्या बाटल्यांनाही बंदी आहे, तेव्हा स्टीलची बाटली जवळ असू द्या.

कधी जायचं? एप्रिल आणि मे हे मोठ्या पावसाचे महिने, ते टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छोटा पाऊस असतो, तो सरी येऊन जातो, फारसा आडवा येत नाही. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा वाहतो, त्याला कास्काझी म्हणतात. तेव्हा समुद्र निवळ आणि ऊन कडक. जून ते सप्टेंबर दक्षिणेचा कुसी वाहतो, हवा सुखद असते, समुद्र थोडा खवळलेला. पायी हिंडायचं असेल तर मी जुलै-ऑगस्ट निवडेन. याच वाऱ्यांवर कच्छ-गुजरातची आणि अरबस्तानची गलबतं शतकानुशतकं ये-जा करत होती: कास्काझीवर यायचं, माल विकायचा, कुसी सुरू झाला की परत निघायचं. व्यापारी इथे महिनोनमहिने का अडकत आणि मग घरंच का करत, ते यावरून कळतं.

पोहोचणं आणि फिरणं

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. तिथून मोंबासाला तासाभराचं विमान किंवा मादाराका एक्सप्रेस ही रेल्वे. वेळ असेल तर रेल्वेच घ्या. 2017 मध्ये सुरू झालेला हा मार्ग त्सावोच्या अभयारण्यातून जातो. दिवसाची गाडी घेतलीत तर खिडकीतून हत्ती दिसण्याची शक्यता चांगली असते. तिथली लाल माती अंगावर उडवून घेतल्याने ते विटकरी दिसतात. प्रवास साधारण पाच-सहा तासांचा. तिकीट आधी काढावं लागतं, सुट्ट्यांच्या दिवसांत लवकरच संपतं. मोंबासाचं नवं स्टेशन मिरितिनीला आहे, बेटापासून बरंच बाहेर. तिथून टॅक्सीचे दर ठरवूनच बसा, किंवा ॲपवरून गाडी बोलवा.

याच शहरातून 1896 मध्ये युगांडा रेल्वेचं काम सुरू झालं. ते करायला तीस हजारांहून अधिक मजूर हिंदुस्थानातून आले होते, त्यातले बहुसंख्य पंजाबचे. कारकून, दुकानदार आणि शिंपी म्हणून गोवेकर आणि गुजराती त्यांच्या मागेपुढे आले. 1920 पर्यंत इथे रुपया हेच चलन होतं. शहरातल्या जुन्या हिंदी खुणा बघताना हे मनात असू द्या.

उतरल्यावर पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घ्या आणि त्यावर एम-पेसा सुरू करून घ्या. मोबाइलवरून पैसे पाठवायची ही पद्धत केनियात 2007 मध्ये सुरू झाली आणि आज शहाळेवालाही तिच्यावर चालतो. सरकारी संग्रहालयांत रोख घेत नाहीत असं गृहीत धरा. कार्ड किंवा मोबाइल लागेल.

शहरात फिरायला टुकटुक म्हणजे आपली रिक्षा. मीटर नाही, बसण्याआधी भाडं ठरवायचं. बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल. त्यातल्या कितीतरी पुण्याच्या बजाज कंपनीच्या बॉक्सर असतात. स्वस्त आहे, पण हेल्मेट मिळेलच असं नाही, म्हणून मुख्य रस्त्यावर मी तिचा सल्ला देणार नाही. मटाटू ही छोटी बस लांबच्या अंतराला उत्तम: कंडक्टर ओरडतो, तुम्ही चढता, पुढे सगळं आपोआप कळतं.

वेळ विचारताना एक खाचखळगा आहे. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. कुणी स्वाहिलीत ‘सा म्बिली’ म्हणालं तर त्याचा अर्थ आठ वाजता. गाडीवाल्याशी वेळ ठरवताना इंग्रजीत आकडा आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही बोलून घ्या.

अभिवादनाचंही सांगून ठेवतो. ‘जांबो’ हे पर्यटकांसाठी राखून ठेवलेलं आहे. बरोबरीच्या माणसाला ‘मांबो’ म्हणा, उत्तर येईल ‘पोआ’. वयस्क माणसाला ‘शिकामू’ म्हणा. समोरचा ‘मराहाबा’ म्हणेल आणि त्यानंतरचं बोलणं बदललेलं असेल. विक्रेत्याला नको म्हणायचं असेल तर हसून ‘हापाना, असांते’ एवढं पुरतं.

पहिली सकाळ: फोर्ट जीझस

किल्ला सकाळी आठला उघडतो. आठलाच जा. दहानंतर ऊन प्रवाळाच्या दगडावर तापतं आणि शाळांच्या सहलीही येऊ लागतात.

पोर्तुगीजांनी 1593 मध्ये हा बांधायला घेतला. आराखडा जिओव्हान्नी बात्तिस्ता काइराती या इटालियन वास्तुविशारदाचा. तो पोर्तुगीज भारताचा मुख्य स्थापत्यकार होता, वसई आणि दमणच्या तटबंदीवरही त्याने काम केलं आणि गोव्यातच वारला. वसईचा किल्ला पाहिलेल्याला इथले टोकदार बुरूज ओळखीचे वाटतील. तोफांच्या काळातली ही युरोपीय पद्धत आहे: भिंतीच्या कोणत्याही भागावर शत्रू आला तरी शेजारच्या बुरुजावरून त्याच्यावर मारा करता यावा. वरून पाहिलं तर किल्ल्याचा आकार हातपाय पसरलेल्या माणसासारखा दिसतो, असं इथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. 2011 मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

दारातच परवानाधारक वाटाडे असतात. ओळखपत्र बघा, भाषा आणि दर ठरवा, आणि एखादा घ्याच. कारण आत फलक कमी आणि गोष्टी जास्त आहेत. त्यातल्या दोन गोष्टी आधी माहीत असल्या तर बघणं वेगळं होतं.

पहिली युसुफ बिन हसनची. त्याच्या सुलतान बापाला पोर्तुगीजांनी मारवलं आणि पोराला गोव्याला नेलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी त्याला वाढवलं, बाप्तिस्मा दिला, नाव ठेवलं दों जेरोनिमो. आपला माणूस तयार झाला अशा समजुतीत 1626 च्या सुमारास त्याला मोंबासाच्या गादीवर बसवलं. ऑगस्ट 1631 मध्ये त्याने किल्ल्यात शिरून कप्तानाला ठार केलं, पुन्हा मुसलमान झाला आणि किल्ला ताब्यात घेतला. गोव्याहून आलेल्या मोहिमेलाही किल्ला घेता आला नाही. शेवटी तो आपणहून निघून गेला आणि उरलेलं आयुष्य समुद्रावर चाचेगिरी करत घालवलं.

दुसरी वेढ्याची. मार्च 1696 मध्ये ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला, तो 33 महिने चालला. आतली माणसं रोगराईने आणि उपासमारीने मेली. मदतीला आलेलं ‘सांतो अंतोनियो द ताना’ हे जहाज 1697 मध्ये किल्ल्यासमोरच बुडालं. डिसेंबर 1698 मध्ये किल्ला पडला तेव्हा आत मूठभर माणसं शिल्लक होती. गोव्याहून निघालेला मदतीचा ताफा त्यानंतर काही दिवसांनी पोहोचला, तोवर बुरुजावर ओमानचं निशाण फडकत होतं. त्या बुडालेल्या जहाजाचं उत्खनन 1970 च्या दशकात पाणबुड्यांनी केलं. त्यात मिळालेल्या वस्तू संग्रहालयात आहेत, त्यांच्यासमोर थांबा.

आणखी काय चुकवू नये? पोर्तुगीज पहारेकऱ्यांनी भिंतीवर कोळशाने आणि गेरूने काढलेली जहाजांची चित्रं. कंटाळलेल्या शिपायांची ती रेघोटी आहे, म्हणूनच मला दरबारी चित्रांपेक्षा जवळची वाटते. सान फेलिपे बुरुजावरचं ओमानी घर, त्याच्या आतला कोरीव लाकडाचा दरवाजा आणि खिडकीतून दिसणारी जुनी गोदी. समुद्राकडे उतरणारा कमानींचा रस्ता. इंग्रजांनी 1895 पासून इथे तुरुंग ठेवला, 1958 पर्यंत. संग्रहालय झालं ते 1960 मध्ये. तुरुंगाच्या खुणा कमी उरल्यात, पण वाटाड्याला विचारलं तर दाखवतो. या सगळ्याला दोन तास लागतात.

तशीच पुढे: जुनं शहर

किल्ल्यातून बाहेर पडलं की जुनं शहर सुरू होतं. आता गाडी नकोच. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की टुकटुक आली तरी भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. न्दिया कू हा मुख्य रस्ता, त्याला समांतर समुद्राच्या बाजूने म्बारक अली हिनावी रस्ता. जाताना एकाने जा, येताना दुसऱ्याने या. हरवलात तरी काळजी नाही. एकीकडे समुद्र आहे आणि दुसरीकडे गाड्यांचा रस्ता, मध्ये फार जागाच नाही.

हिनावी रस्त्यावर मंधरी मशीद दिसेल. 1570 च्या सुमाराची, वर निमुळता होत जाणारा पांढरा मिनार असलेली. ती नमाजाची जागा आहे, बाहेरूनच बघायची. पुढे सरकारी चौक आणि जुनं बंदर. एकेकाळी शेकडो गलबतं लागत, आता थोडीच दिसतात. बंदराच्या आवारात फोटो काढण्याआधी विचारा. तिथून जवळच लेव्हन हाउस आहे. 1824 मध्ये ‘लेव्हन’ या ब्रिटिश जहाजाचा कप्तान ओवेन याने लंडनला न विचारताच मोंबासावर इंग्रजी संरक्षण जाहीर करून टाकलं, आणि 1826 मध्ये वरून ते रद्द झालं. नाव तेवढं इमारतीला आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांना उरलं.

पण जुन्या शहराचा खरा ऐवज दरवाजे आणि सज्जे. दरवाज्याची चौकट बघा: साखळी, लाटा, कमळ, वेली. पितळी खिळ्यांचे दरवाजे आणि नक्षीच्या लाकडी सज्ज्यांवर कच्छ-गुजरातचा ठसा स्पष्ट आहे. कारागीरही तिकडचे होते आणि बरेचसे घरमालकही. दारासमोर दगडी बाक असतो, त्याला बाराझा म्हणतात. घरात न नेता पाहुण्याशी बोलायची ती जागा. तिथे बसलेल्यांना ‘शिकामू’ घातल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कपड्यांचं: हा वस्तीचा भाग आहे आणि वस्ती मुख्यतः मुसलमान. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, बायकांचे तसेच पुरुषांचेही. माणसांचे, विशेषतः बुईबुई, म्हणजे काळा बुरखा, घातलेल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. शुक्रवारी दुपारी दुकानं बंद असतात. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाऊ-पिऊ नका. मात्र त्याच महिन्यात सूर्यास्तानंतर या गल्ल्यांत जे खायला मिळतं ते एरवी मिळत नाही. अंधार पडल्यावर रिकाम्या गल्लीबोळांत एकटं हिंडू नये, टुकटुक करावी.

दुपार आणि पोट

भर दुपारी मोंबासात काहीही बघायचं नसतं. सावलीत बसून खायचं असतं.

नाश्ता चुकला असेल तर दुसऱ्या दिवशी तरी महामरी आणि म्बाझी खा. महामरी म्हणजे नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाची वेलचीची गोडसर पुरी. म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली तूर. ही जोडी शाकाहारी आहे, स्वस्त आहे आणि माझ्या मते किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला पदार्थ तीच. विटुंबुआ ही तांदूळ-नारळाची गोड वडी खळगे असलेल्या तव्यावर भाजतात. वियाझी काराई म्हणजे पिवळ्या पिठात तळलेले बटाटे, चिंचेच्या चटणीबरोबर. मासे खाणाऱ्यांनी समाकी वा कुपाका मागावा: भाजलेला मासा, वरून नारळाचा दाट मसाला. बिर्याणी आणि पिलाऊ वेगळे. पिलाऊत मसाला भातातच शिजतो, बिर्याणीत रस्सा वरून येतो. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, एकदा चाखून बघा, मात्र किनाऱ्यावरच्या स्वयंपाकाचा कस तिच्यावरून काढू नका.

शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही. गुजराती वस्तीमुळे शाकाहारी थाळीची ठिकाणं शहरात आहेत. स्वाहिली खानावळीत मात्र भाजीत मटणाचा रस्सा घातला आहे का ते विचारून घ्या. ‘सिली न्यामा’, म्हणजे मी मांस खात नाही, एवढं वाक्य पाठ असावं.

पाण्याऐवजी मदाफू, म्हणजे शहाळं. संध्याकाळी पितळी किटली घेऊन कपांचा खणखण आवाज करत फिरणारा काहवावाला गाठा: बिनदुधाची, आल्याची कडू कॉफी आणि तिच्याबरोबर खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची कशाटा.

बाजार आणि देवळं

दुसरी सकाळ बाजाराला द्या. पूर्वीचं मॅकिनन मार्केट, लोकांच्या तोंडी मारिकिटी, हे भाजी-फळं आणि मसाल्याचं ठिकाण. मसाले बघायला जा, पण हळद-जिरं विकत घ्यायला आपण एवढ्या लांब आलेलो नाही. घ्यायचं तर पिलाऊचा तयार मसाला, काजू आणि माबुयू. बाओबाबच्या बियांना लाल रंगाचा साखरपाक लावलेला हा खाऊ मुलांना आवडतो आणि बोटं रंगवतो.

जवळच बियाशारा स्ट्रीट. इथे कांगा आणि किकोई ही अंगाभोवती गुंडाळायची कापडं मिळतात. कांगा नेहमी जोडीने विकतात. तिला काठ असतो, मधे नक्षी असते आणि काठाच्या वर स्वाहिलीत एक वाक्य छापलेलं असतं. ते वाक्य नुसती शोभा नव्हे. बायका त्यातून शेजारणीला टोमणेही मारतात. म्हणून सासूबाईंसाठी घेताना दुकानदाराला अर्थ विचारा. घासाघीस चालते, पण छापील कांग्याच्या दरात फारसा फरक पडत नाही, किकोईत पडतो.

लांगोनी रस्त्यावर 1963 मध्ये बांधलेलं संगमरवरी जैन मंदिर आहे. सकाळी इतरांनाही बघू देतात. चपला आणि चामड्याच्या वस्तू बाहेर. हैले सेलासी रस्त्यावरचं स्वामिनारायण मंदिर वाटेतच लागतं. ख्रिस्ती वारसा बघायचा तर न्क्रुमा रस्त्याजवळचं होली घोस्ट कॅथेड्रल आणि 1905 चं अँग्लिकन मेमोरियल कॅथेड्रल. दुसऱ्याचा घुमट दुरून मशिदीचा वाटतो.

मोई ॲव्हेन्यूवरचे प्रसिद्ध हस्तिदंत प्रत्येक पोस्टकार्डावर असतात. ते ॲल्युमिनियमचे आहेत, 1950 च्या दशकात ब्रिटिश राजघराण्याच्या भेटीसाठी उभारलेले. टुकटुक थांबवून फोटो काढा आणि पुढे जा, पाच मिनिटं पुरे. संध्याकाळ मामा न्गिना किनाऱ्यावर काढा. जुने बाओबाब, समोर बंदरात शिरणारी मोठाली जहाजं, आणि तिखट-लिंबू लावलेले मुहोगोचे, म्हणजे कसाव्याचे तळलेले काप. रविवारी सगळं शहर इथे लोटतं, गर्दी आवडत असेल तर तोच वार निवडा.

उत्तरेला एक दिवस

न्याली पूल ओलांडून बांबुरीला हॅलर पार्क आहे. प्राणी बघायला आलात आणि मारा आधीच पाहिलं असेल तर निराश व्हाल. त्याची गोष्ट मात्र जाण्याजोगी आहे. सिमेंट कारखान्याने चुनखडी खणून उजाड केलेली ही खाण. 1971 मध्ये रेने हॅलर यांनी तिथे सुरूची झाडं लावली, कारण खारट जमिनीत ती तगली. पण सुरूच्या वाळक्या काड्या कुजेनात. मग त्या खाणारे पैशाचे किडे आणून सोडले, त्यांच्या विष्ठेतून माती तयार झाली, मातीत इतर झाडं आली. आज जंगल आहे, तळी आहेत आणि जिराफांना हातून चारा देता येतो.

तिथूनच पुढे म्त्वापाला जुंबा ला म्त्वाना. चौदाव्या शतकातल्या स्वाहिली गावाचे हे अवशेष, मशिदीची भिंत थेट समुद्राकाठी. गर्दी जवळपास नसते. मोठा दिवस हाताशी असेल तर वाटामूजवळचं गेदे बघा, मोंबासाहून साधारण 100 किलोमीटर. जंगलात दडलेलं ते नगर सतराव्या शतकात ओस पडलं. राजवाडा, मशीद, विहिरी उभ्या आहेत, आणि उत्खननात चिनी भांडी निघाली. 2024 मध्ये त्यालाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर गेदे निवडा, पण पहाटे निघायची तयारी ठेवा.

दक्षिणेला: फेरी, दिआनी, काया

लिकोनीची फेरी पायी जाणाऱ्यांना फुकट आहे. गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी शहराकडे येताना आणि संध्याकाळी परतताना, हजारो माणसं एकदम चढतात. त्या वेळा टाळा, पिशवी पोटाशी धरा. फेरीवर फोटो काढायला मनाई आहे, मोबाइल खिशातच राहू द्या. पलीकडे उकुंडाची मटाटू मिळते, तिथून टुकटुकने दिआनी. विमानतळावरून थेट दक्षिणेला जायचं असेल तर आता डोंगो कुंडूच्या बायपासने फेरी टाळता येते.

समुद्राला जाताना भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघा. इथे पाणी तीन-साडेतीन मीटरने चढतं-उतरतं. ओहोटीला समुद्र प्रवाळाच्या बांधापर्यंत मागे जातो. पोहता येत नाही, पण डबक्यांत तारामासे बघता येतात. अनवाणी जाऊ नका, सागरी साळूचे काटे पायात मोडतात. तारामासे पाण्याबाहेर काढून फोटो काढायला सांगणारे बीचबॉइज भेटतील, त्यांना नाही म्हणा. शंख-प्रवाळ विकत घेऊ नका. कायदाही आडवा येतो.

दिआनीला गेलात तर अर्धा दिवस काया किनोंडोसाठी ठेवा. मिजिकेंडा लोकांच्या पवित्र राया, म्हणजेच काया, 2008 मध्ये जागतिक वारशात आल्या. ही राई त्यांच्यापैकी दिगो लोकांची. कोकणातल्या देवराईत वाढलेल्याला इथले नियम समजावून सांगावे लागत नाहीत: फांदी तोडायची नाही, काही उचलायचं नाही, जोरात बोलायचं नाही. आत जाताना कमरेला काळं कापड गुंडाळायला देतात आणि टोपी काढायला लावतात. गावातलाच माणूस बरोबर येतो, औषधी झाडं दाखवतो. फी गावाच्या शाळा-दवाखान्याच्या कामी येते, तेव्हा तिथे घासाघीस करू नका.

परतताना

रेल्वेने नैरोबीला जाणार असाल तर मिरितिनीला गाडीच्या किमान तासभर आधी पोहोचा. सामान जमिनीवर रांगेत ठेवायला लावतात, कुत्री हुंगून जातात, मग यंत्रातून तपासणी. बाजारातून घेतलेला शोभेचा खंजीर किंवा सुरी तिथे काढून घेतली जाईल. दारूही नेता येत नाही. दिआनीहून येणाऱ्यांनी फेरीसाठी निदान दीड तास जास्त धरावा, आणि सोमवारी सकाळची गाडी असेल तर आदल्या रात्री बेटावरच मुक्काम करावा.